एक दिवस अलीकडे

भाऊजींचं वाटोळं व्हावं म्हणून धाकटीनं चार दुकानं काढली, आणि चारही बसली.

दुकानं म्हणजे शटर-गल्ल्याची नव्हेत. एका खोलीत, खिडकीजवळच्या एका टेबलाशी बसून एकटीनं लिहिलेली आणि इंटरनेटवर मांडलेली छोटी छोटी सॉफ्टवेअरं. पहिलं गाडी शिकवणाऱ्या शाळांसाठी. दुसरं दातांच्या डॉक्टरांसाठी, पेशंटला सहा महिन्यांनी आठवण करून देणारं. तिसरं भाड्याच्या खुर्च्यांचं, चौथं पुस्तकं घरपोच देणाऱ्या वाचनालयांचं. दर वेळी ती एकट्यानं सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींच्या पानावर जाहीर करायची, की आजपासून सुरू. वाहवा व्हायची. पण वाहवा करणारेही आपापलं ताट मांडून बसलेले. पंगतीत सगळेच वाढपी, जेवणारा एकही नाही.

तिला त्याचं दुःख होतं, पण नवल नव्हतं. गाडीच्या शाळा काय नि खुर्च्या काय, त्यातलं तिला काहीच आवडत नव्हतं. आवडत होतं ते फक्त एक चित्र: भाऊजी कुठंतरी बसून तिचं नाव वाचताहेत आणि त्यांचा घास घशात अडकलाय. त्या चित्रापायी ती सकाळी उठायची. रागावर चूल पेटते, पण भात करपतो, हे तिला चार वेळा कळलं आणि चारही वेळा पटलं नाही.

राग साधा नव्हता. ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी, शिलाई मशिनं विकायचे. गावोगावचे शिंपी त्यांना ओळखायचे. धाकटीला सॉफ्टवेअर लिहिता यायचं. आणि आई शिवायची. चाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच खिडकीखाली, आणि चाळीस वर्षांत दिलेली तारीख तिनं एकदाही चुकवली नव्हती. बाकीचे शिंपी तारखा देतात त्या देवाच्या भरवशावर. आईचा भरवसा तिच्या गणितावर होता.

ते गणित हातांचं, हात म्हणजे कामाचं तिचं स्वतःचं माप. सदऱ्याला एक हात, विजारीला दीड, कोटाला सहा. दिवसाचे हात आठ. त्यातले दोन दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे. कापड अनोळखी असेल तर अर्धा हात जास्त. आणि गिऱ्हाईक गप्प असेल तर आणखी अर्धा, कारण माप देताना गप्प बसणारं माणूस कपडा अंगात घातल्यावर बोलायला लागतं. धाकटीनं हे सगळं आईच्या शेजारी स्टुलावर बसून उतरवून घेतलं. आई पायानं मशीन चालवत सांगायची, मधेच गुणगुणायची:

सुईच्या मागं दोरा, दोऱ्याच्या मागं गाठ
गाठ विसरे जी बाई, तिची उसवते वाट

त्यातून मापवही नावाचं सॉफ्टवेअर झालं, आणि भाऊजी ते गावोगाव विकू लागले. शिंप्यानं मापं भरायची, कपडा सांगायचा, 'गिऱ्हाईक गप्प' या चौकटीत हवी तर खूण करायची, की तारीख तयार. शिंपी त्या खुणेवर हसायचे आणि मग विकत घ्यायचे. वर्षभरात तीनशे दुकानं झाली. आणि एका सोमवारी धाकटीचा पासवर्ड चालेना. भाऊजींनी फोनवर समजुतीच्या सुरात सांगितलं, की आता धंदा मोठा झालाय, दोन शिकलेली मुलं ठेवलीत, तू घरचीच आहेस, तुला काय कमी पडू देणार आहे का. सगळे कागद त्यांच्या नावावर होते. मापवहीचं नाव त्यांनी 'झटपट माप' केलं. ताईनं बहिणीची बाजू घेतली नाही, नवऱ्याचीही घेतली नाही. ती फक्त दोन्हीकडून रडली.

दोन वर्षं गेली. पाचवं दुकान काढण्याआधी धाकटी जुनी अडगळ आवरायला बसली. भाड्यानं घेतलेला एक फुटकळ सर्व्हर होता, तो बंद करायचा होता. त्यावर काय आहे ते तिला आठवतही नव्हतं. तिनं तो उघडला, आणि हात कीबोर्डवरच राहिले. सर्व्हर जागा होता. नुसता जागा नव्हे, घामाघूम झालेला. सेकंदाला दोन-तीन हाका येत होत्या. ओसाड म्हणून सोडलेल्या घराच्या धुराड्यातून धूर निघावा तसं.

मग तिला आठवलं. आई रोज काहीतरी दुरुस्ती सुचवायची, म्हणून तारखेचं गणित तिनं मापवहीच्या आत ठेवलंच नव्हतं. ते वेगळं, स्वतःच्या या सर्व्हरवर ठेवलं होतं. मापवही तिथं विचारायची आणि तारीख घेऊन जायची. पुढच्या आठवड्यात आत हलवू, असं तिनं ठरवलं होतं. या धंद्यात पुढचा आठवडा कधी येत नाही. आणि भाऊजींनी ठेवलेल्या त्या दोन मुलांनी तिचं सगळं लिखाण उचललं ते गाठोड्यासारखं, न उघडता. चालतंय त्याला हात लावायचा नाही, हा या धंद्याचा पहिला नियम, आणि भाऊजींनी तो त्यांना नक्कीच ओरडून सांगितला असणार.

म्हणजे झटपट माप वापरणाऱ्या एकोणीसशे दुकानांत, दर कपड्याला, तारीख अजून तीच देत होती. त्या एकोणीसशे जणांची जीभ तिच्या मुठीत होती.

धाकटी उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायली. मग हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटातून हसली, इतकी की शेजारच्या खोलीतल्या घड्याळजीनं भिंतीवर टकटक केली.

बंद करणं सोपं होतं. पण बंद केलं तर मुलं धावतील, शोधतील, दुपारपर्यंत काहीतरी ठिगळ लावतील. तिला ठिगळ नको होतं. तिला कुजणं हवं होतं. मापवही तारीख दोनदा विचारायची: एकदा शिंप्याच्या कामाच्या यादीसाठी, एकदा गिऱ्हाइकाला द्यायच्या पावतीसाठी. धाकटीनं यादीला खरी तारीख ठेवली, आणि पावतीला एक दिवस अलीकडची. शिंपी बुधवारसाठी शिवणार, गिऱ्हाईक मंगळवारी दारात. पावती गिऱ्हाइकाच्या खिशात जाते, शिंपी ती बघत नाही. मुलं तपासतील ती यादी, आणि यादी बरोबर. फक्त एक दिवस. दोन दिवस केले असते तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. एका दिवसाला माणूस आधी स्वतःला दोष देतं, मग गिऱ्हाइकाला, मग नशिबाला. सॉफ्टवेअरची पाळी शेवटी येते, पण आली की सोडत नाही.

ओळ एकच होती. ती लिहायला तिला तेवढाच वेळ लागला, जेवढा सुईत दोरा ओवायला लागतो.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात शिंप्यांच्या गप्पांच्या पानावर पहिली कुरकुर उमटली. कुणीतरी लिहिलं, गिऱ्हाइकं हल्ली घाई करतात. दुसऱ्यानं लिहिलं, घाई नाही, पावती दाखवतात. तिसऱ्या आठवड्यात शिव्या सुरू झाल्या. धाकटी सकाळचा चहा घेऊन त्या शिव्या वाचायची, जशी माणसं वर्तमानपत्र वाचतात. एका म्हाताऱ्या शिंप्यानं लिहिलं होतं, की झटपट मापच्या मालकाचं स्वतःचं माप एकदा घ्यायला हवं, साडेतीन हात लागतील. तो चहा तिला फार गोड लागला. तिनं पाचवं दुकान रचायला घेतलं: तीच मापवही, नव्यानं, आपल्या नावावर. भाऊजींची दुकानं उठतील, रस्त्यावर येतील, आणि रस्त्यावर ती दार उघडून उभी असेल.

आईची तिला चिंता नव्हती. भांडण झालं तेव्हाच आईनं सांगितलं होतं, की जावयानं बसवून दिलेली ती स्क्रीन मी काढून टाकली, माझी आपली कागदाची वही बरी. धाकटी रविवारी घरी जायची, दुकान बंद असायचं, प्रश्नच नव्हता.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, ताईचा फोन आला. बहिणी दोन वर्षं कामापुरतंच बोलत होत्या, त्यामुळं ताईनं नमनाला तेल घातलं नाही. म्हणाली, आईनं आज दुकान उघडलं नाही. आत बसलीये, बोलत नाही. उद्या तिला डॉक्टरकडे नेतेय. कसल्या डॉक्टरकडे, असं धाकटीनं विचारलं. डोक्याच्या, ताई म्हणाली.

शटर अर्ध्यावर होतं. धाकटी वाकून आत गेली. खिडकीतून उन्हाचा पट्टा कापायच्या टेबलावर पडला होता, आणि त्या पट्ट्यात एक राखाडी कोट, एका बाहीचा. आई समोर बसली होती, हात मांडीवर. मशीनवर खोळ होती.

"काय झालं गं?"

आईनं कोटावरून हात फिरवला. "माझं डोकं गेलं, बाई. मी लोकांना चुकीच्या तारखा सांगायला लागलेय."

मग तुटक तुटक सांगितलं. महिनाभरात हे सातवं गिऱ्हाईक. शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीला जायचं होतं एका मुलीला, बाहेरगावी, काल सकाळी. कोट बुधवारी द्यायचा हे आईला पक्कं माहीत होतं, कामाच्या यादीत बुधवारच होता. मुलगी मंगळवारी संध्याकाळी आली, गाडी गाठायची होती. एक बाही लागायची होती. तिनं पावती दाखवली, पावतीवर मंगळवार. मुलगी भांडली नाही. आधीच्या सहा जणांसारखी टाकून बोललीसुद्धा नाही. "काकू, तुमच्यावर विसंबले होते" एवढंच म्हणाली आणि जुन्या स्वेटरवर निघून गेली.

"चाळीस वर्षं," आई म्हणाली. "यादीत एक बघते, लोकांना एक सांगते, आणि सांगितलेलं आठवत नाही. माझ्या मावशीचं असंच झालं होतं. आधी तारखा गेल्या, मग माणसं."

धाकटी स्टूल ओढून जवळ बसली. "कुठली यादी? तू तर कागदावर लिहितेस ना?"

आई ओशाळली. टेबलाच्या टोकाला अस्तराचा एक तुकडा पसरलेला होता, तो तिनं उचलला. खाली भाऊजींनी दिलेली स्क्रीन. दोन वर्षं ती रोज वापरत होती, आणि काम संपलं की, लेक कधीही टपकेल म्हणून, न चुकता झाकत होती; आज तर ती उघडलीच नव्हती.

"तुला राग येईल म्हणून. पण यात तुझं लिखाण आहे ना गं, ते चुकेल असं मनातही आलं नाही, वाटलं मीच काहीतरी भलतं दाबतेय. ती गप्प गिऱ्हाइकाची खूण करताना मला रोज वाटतं, तू शेजारी स्टुलावर बसलीयेस."

त्या क्षणी खोटं बोलणं शक्य होतं. गुपचूप घरी जाऊन ती एक ओळ पुसता आली असती, आणि आईला सांगता आलं असतं, की सॉफ्टवेअर बिघडलं होतं, भाऊजींच्या पोरांना अक्कल नाही. सूड आणखी गोड झाला असता. धाकटीनं तोंड उघडलंही. पण उद्या डॉक्टर होता, आणि आई ज्या तऱ्हेनं स्वतःच्या दोन हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत, ते तिला बघवेना.

तिनं सगळं सांगितलं. सर्व्हर, दोन हाका, एक दिवस. काही लपवलं नाही, चहा घेत शिव्या वाचल्या तेही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पहिली गोष्ट केली ती ही: मुलाखतीचा कोट ओढून घेतला आणि बाहीला टाचण्या लावायला लागली. टाचण्या दातांत धरून ती म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही."

"नाही."

"महिनाभर मी स्वतःला वेडी समजत होते. चालताना पावलं मोजत होते, विसरतेय का बघायला. तुला माहीत होतं का?"

"नाही गं आई."

"नसेलच. लांबून दगड फेकलास तू. लांबून फेकणाऱ्याला डोकं कुणाचं ते कुठं दिसतं." तिनं शेवटची टाचणी लावली. "जावयानं माझं गणित चोरलं, तू त्यात खडे कालवलेस. एका माळेचे मणी."

भाऊजींशी एका माळेत ओवलं जाणं धाकटीला चपराकीहून जास्त लागलं. ती उसळली. म्हणाली, त्यांनी मला रस्त्यावर काढलं तेव्हा तू काय बोललीस? ताई काय बोलली? मग मी काय करायचं होतं, ओवाळायचं होतं का त्यांना?

आईनं मान वर केली. आणि तिच्या डोळ्यांत धाकटीला जे दिसलं ते तिनं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. तो राग तिच्या रागाहून जुना होता आणि थंड होता.

"सोड म्हटलं का मी?" आई म्हणाली. "माझं गणित घेऊन तो मोठा झाला आणि मला एका शब्दानं विचारलं नाही, ते मी विसरलेय असं वाटतं तुला? उसवायचं तर उसव. पण समोर बसून, उजेडात, आपलं नाव सांगून. लिही."

आईनं सांगितलं, धाकटीनं लिहिलं. पावतीवर तारखेसाठी जी जागा होती ती तिनंच पूर्वी ऐसपैस ठेवली होती. सर्व्हर पाठवेल ते तिथं छापलं जायचं. शुक्रवार सकाळपासून एकोणीसशे दुकानांत खरी तारीख छापली गेली, यादीतही आणि पावतीवरही, आणि पावतीवर तिच्याखाली सहा ओळी: ही तारीख झटपट माप काढत नाही. ती एका शिंपीणबाईंच्या गणितावर मी, त्यांची धाकटी मुलगी, काढते. दोघींना विचारल्याशिवाय ती वापरली जाते. गेला महिनाभर मी पावतीवर तारीख एक दिवस अलीकडची छापली, मुद्दाम, मालकावरच्या रागानं. चूक शिंप्याची नव्हती. महिनाअखेरीला हे गणित बंद होईल. खाली दोघींची नावं आणि दुकानाचा पत्ता.

'मुद्दाम' हा शब्द धाकटीला वगळायचा होता. आईनं तो दोनदा वाचून घेतला.

आईनं ताईला फोन करून डॉक्टर रद्द केला. मुलाखतीच्या मुलीला कोट द्यायला ती स्वतः गेली, पैसे घेतले नाहीत. मुलीनं कोट घेतला, पण आत बोलावलं नाही.

भाऊजी शनिवारी आले. गाडी दारातच आडवी लावली. आधी ओरडले, मग पोलिसांचं नाव काढलं, मग धाकटी शांतपणे म्हणाली, की चला, मी येते, तिथं माझं लिखाण तुमच्याकडे कसं आलं ते गाठोडंही उघडू. मग ते बसले. त्यांच्या मुलांनी एक दिवस आणि एक रात्र स्वतः तारीख काढायचा प्रयत्न केला होता. कोटाला आणि रुमालाला सारखेच दिवस येत होते. घाम पुसत त्यांनी निम्मी भागीदारी देऊ केली. धाकटी त्यांच्याकडे बघत होती. हेच ते चित्र, घास घशात अडकलेलं. दोन वर्षं जपलेलं, आणि ते जसंच्या तसं होतं, रंगसुद्धा उडाला नव्हता. तिनं ते डोळे भरून बघून घेतलं, आणि नाही म्हणाली.

मग भाऊजी सासूकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला. "आई, तुम्ही तरी सांगा. हे हातांचं गणित आहे तरी काय? तुमच्या लेकीच्याच संसाराचा प्रश्न आहे."

आईनं मशीनवरची खोळ काढली, घडी केली, बाजूला ठेवली. "माझी थोरली माझ्याकडे शिवायला कधीही येऊन बसू शकते. जावईबापू, तुम्हीही बसा. आधी एक वर्ष काज-बटणं करा. मग सदरा. कोटापर्यंत आलात की गणित आपोआप कळतं."

भाऊजींना वाटलं थट्टा आहे. आईनं त्यांच्यापुढं खरोखरच सुई आणि बटणांचा डबा ठेवला. ते उठले, तेव्हा त्यांचा धक्का लागून डबा सांडला, आणि पुढची दहा मिनिटं आई नि धाकटी टेबलाखाली बटणं वेचत होत्या. वेचता वेचता आधी आई हसली.

महिनाअखेरीच्या दुपारी धाकटीनं सर्व्हर बंद केला. झटपट माप त्यानंतर तीन आठवडे लटपटलं आणि पडलं. शिंपी कागदावर परत गेले, काही दुसरीकडे गेले. भाऊजी पुन्हा मशिनं विकू लागले. ताईनं फोन घेणं सोडलं. ते नुकसान धाकटीला ठाऊक होतं आणि ते भरून येणार नव्हतं.

रस्त्यावर आलेले शिंपी काही तिच्या दारात आले नाहीत. का येतील? चोर एक झाला, पण तारखेत खोट घालणारी दुसरी होती, आणि तिनं ते स्वतःच छापून दिलं होतं. तिच्याकडे पत्रं आली ती बहुतेक शिव्यांची. या वेळी ती चहाबरोबर वाचता येत नव्हती. दुकानात आईच्या समोर बसून तिनं एकेकाला उत्तर लिहिलं, आपल्या नावानं.

एका पत्रात शिवी नव्हती. साडेतीन हातांचं माप घ्यायला निघालेला तो म्हातारा शिंपी. त्यानं लिहिलं होतं: बाई, तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या एका महिन्याआधी तारीख कधी चुकली नव्हती. मापवही पुन्हा द्यायची तर अशी द्या, की तारीख कशी काढली ते मला प्रत्येक वेळी दिसेल. मी रोज तपासणार.

तिनं ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, बरोबर मागतोय.

धाकटीनं जुनं लिखाण बाजूला सारलं आणि कोरं पान उघडलं. सदरा एक हात, विजार दीड, हे आता पडद्यावर उघडं दिसायला हवं होतं, आईचं सगळं गणित, कुणीही बघावं असं. कुणीही उचलावं असंही. ती थबकली.

"राग गेला का?" आईनं विचारलं, मशीन न थांबवता.

"नाही."

"माझाही नाही," आई म्हणाली, आणि कोटाचे सहा हात कुठून मोजायला सुरुवात करायची ते सांगू लागली.